मोहाच्या दिवसांत मेळघाट : ईईजीचं यंत्र आणि गोळ्यांची रिकामी पट्टी

दिवस पहिला : बडनेरा ते धारणी

पुण्याहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी बडनेऱ्याला उतरलो. अमरावतीत पहिलं काम गिला वडा. दह्यात भिजलेला उडदाचा वडा, वर चटणी, सोबत तळलेली मिरची. गाडीवरच्या काकांनी माझ्या पायाशी ठेवलेली काळी पेटी बघून विचारलं, "कॅमेरा हाय का?"

"नाही काका, मेंदूचं मशीन आहे."

त्यांचा हात थांबला. "मिरगी दिसते त्यात?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माह्या पुतनीले येते. सोयरीक पाहून राह्यलो, म्हून कोनाले सांगत नाही." गोळ्या चालू आहेत का, तर मधूनमधून. लग्नघरी पाहुणे आले की बंद, कारण कुणी डबी बघेल. मिरगी हे लग्न रद्द करायचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकलं आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आणखी एक वडा वाढला. गोळी एकदम बंद केली तर झटका आधीपेक्षा जोरात येऊ शकतो, हे मात्र त्यांनी पुन्हा विचारून पक्कं करून घेतलं.

मी सतरा वर्षं पुण्यात ईईजी टेक्निशियन आहे. डोकं टेपने मोजायचं, पेनने खुणा करायच्या, एकवीस जागी पेस्ट लावून तारा चिकटवायच्या आणि मेंदूतली वीज पडद्यावर उतरवायची, हे माझं काम. रिपोर्ट डॉक्टर देतात. आमच्यासोबत मुंबईच्या, मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर होत्या, त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो. शिवाय अमरावतीचे एक बालरोगतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट मुलगी. मेळघाटातल्या मुलांसाठी मिरगीचं शिबिर घ्यायचं ठरलं होतं, आणि तारीख मुद्दाम होळीनंतरच्या आठवड्यातली धरली होती. दिवाळीनंतर इथली घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. इथल्या कोरकू आदिवासी माणसाला मेळघाटात गाठायचं तर होळीच्या आगेमागेच.

परतवाडा सोडलं की घाट लागतो. घटांग, मग सेमाडोह. पानगळ झालेला साग आणि मध्येच पेटल्यासारखा पळस. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला हा एक. वाघ दिसला नाही, गवे दिसले. सेमाडोहला रबडी खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही असा इथला नेमच आहे. पानाच्या द्रोणात, दाट, तळाशी किंचित खरपूस लागणारी. आणि तिथून पुढे गाडीच्या खिडकीतून एक गोडसर, आंबूस वास यायला लागला तो पाचही दिवस सुटला नाही. मोह गळत होता.

*जाणाऱ्यांसाठी :* परतवाड्यात डिझेल-पेट्रोल भरून घ्या, पैसेही तिथेच काढा. घाट उजेडातच पार करा. फोनची रेंज मध्येच जाते, तेव्हा ज्यांना कळवायचंय त्यांना आधीच कळवा. मार्चमध्ये दुपार भाजून काढते, पहाटे मात्र शाल लागते.

दिवस दुसरा : धारणी

शिबिराची वेळ सकाळी नऊची छापली होती. साडेनऊला मांडवात आम्ही, चार खुर्च्या आणि एक कुत्रा. मी काळजीत पडले. आमच्यासोबतच्या आशाताई, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या, शांत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, आता सारे मोहाखाली हायत. फूल पहाटीच पडते. ऊन चढलं का येतीन." मोहाचं फूल पहाटे गळतं, आणि ते गुराढोरांच्या आधी वेचावं लागतं. घरातली सगळी जातात, लहान पोरंसुद्धा. एका झाडावर महिन्याचं मीठमिरची सुटतं. तेव्हा आमच्या छापील वेळेला काही अर्थ नव्हता.

अकरानंतर लोक आले आणि मग संध्याकाळपर्यंत रांग हलली नाही.

या मोहाने माझं एक काम सोपं केलं. मुलांचा ईईजी झोपेत घेतलेला चांगला. झोपेत लपलेले दोष वर येतात. शहरात आम्ही आयांना सांगतो, मुलाला रात्री उशिरापर्यंत जागवा, पहाटे उठवा. आया बिचाऱ्या रात्रभर गाणी लावून बसतात आणि तरी पोरगं टेबलावर टक्क जागं. इथे पोरं पहाटे चारला उठून, फुलं वेचून, चालत आलेली. तारा लावता लावताच माना टाकत होती. इतक्या शांत झोपेचे आलेख मला पुण्यात वर्षभरात मिळत नाहीत.

अडचण निघाली तेलाची. डॉक्टरकडे जायचं म्हणून प्रत्येक आईने पोरीचे केस तेलाने चोपडून, चापून, रिबीन बांधून आणलेले. तेलावर पेस्ट धरत नाही. पहिल्या मुलीचे केस मी धुवायला घेतले तेव्हा तिची आई थोडी हिरमुसली. एवढं नीट करून आणलेलं ही बाई विस्कटते आहे. मग आशाताईंनी बादली भरली, शाम्पूची पुडी फोडली, आणि आईलाच धुवायला लावले. नंतर तर बायकांनी आपापसांत पाळीच लावली. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, हा माझा पहिला शब्द. ही भाषा मुंडा कुळातली. तिच्या संथाळी, मुंडारी या बहिणी तिकडे दूर झारखंडात, आणि ही एकटी सातपुड्यात. दिवसभर मी 'डा, डा' करत होते आणि पोरं हसत होती.

आणि वीज. इमारतीला अर्थिंग धड नव्हतं, पडद्यावर सगळ्या रेषा जाड काळ्या पट्ट्यांसारख्या. हा ५० हर्ट्‌झचा गोंगाट. प्लग काढला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, खोलीतला पंखाही बंद केला, तेव्हा रेषा साफ झाल्या. पण पंखा बंद म्हणजे घाम, आणि घामाने रेषा झोके घेतात. शेवटी फिजिओवाली पोरगी पुठ्ठ्याने वारा घालत उभी राहिली.

*तिथे यंत्र नेणाऱ्यांसाठी :* दोन बॅटऱ्या, शाम्पूच्या पुड्या, जुने टॉवेल, आणि पेस्ट अंदाजापेक्षा दुप्पट.

दुपारी एक आजी आल्या. सोबत नऊएक वर्षांचा नातू. आईबाप वीटभट्टीवर, होळीलाही आले नव्हते. आजींनी लुगड्याच्या गाठीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. गोळ्यांची रिकामी पट्टी. चपटी झालेली, चंदेरी कागद झिजून पांढरा पडलेला, कडा बोटांनी घासून मऊ झालेल्या. दहाच्या दहा खाचा फुटलेल्या. नाव अर्धं पुसलेलं, तरी मॅडमनी उजेडात धरून वाचलं. सोडियम व्हॅल्प्रोएट.

आशाताईंनी कोरकूतून विचारलं आणि आम्हाला सांगितलं, "आजी म्हंते का हीच पायजे. याच्यानं चार महिने झटका नव्हता आला पोराले."

मग? मग गोळ्या संपल्या. आजी जिथून मिळाल्या होत्या तिथे गेल्या, साठा नव्हता. पुन्हा गेल्या, नव्हता. बाहेरच्या दुकानात पट्टी दाखवली तर ती मिळत नाही म्हणाले. दोन खेपांचं भाडं आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी हे त्या गोळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. तिसऱ्या खेपेला त्या गेल्या नाहीत. पट्टी मात्र फेकली नाही. दहा महिने ती गाठीत होती.

मी मुलाचा ईईजी घ्यायला पुढे झाले तर मॅडम म्हणाल्या, "याचा नंतर घेतला तरी चालेल. याला गोळी आज सुरू होतेय."

मला हे इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण माझं पोट या यंत्रावर आहे. मोठे झटके वारंवार येणाऱ्या मुलाचं निदान नव्वद टक्के ऐकून होतं. झटका कसा सुरू झाला, डोळे कुठे वळले, किती वेळ, नंतर झोपला का, लघवी झाली का. ईईजी नॉर्मल आला म्हणजे मिरगी नाही असं ठरत नाही, आणि यंत्र नाही म्हणून उपचार अडवून ठेवायचेही नसतात. जगात मिरगी असलेली माणसं सुमारे ५ कोटी, त्यातली जवळपास ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. नीट निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरीब देशांत मात्र चारातल्या तिघांना हे उपचार मिळत नाहीत. हे आकडे मी आमच्या कामाच्या निमित्ताने अनेकदा ऐकले होते. आजींच्या पट्टीला हात लावल्यावर त्या चारातले तीन मला पहिल्यांदा दिसले.

*आईवडिलांसाठी :* झटका आला की घरातल्या एकाने मुलाला सांभाळावं, दुसऱ्याने फोनवर चित्रण करावं. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरला माझ्या अर्ध्या तासाच्या आलेखापेक्षा जास्त सांगून जातो.

ईईजी कुठे लागतोच, तेही त्याच दिवशी दिसलं. सात महिन्यांचं बाळ होतं. आई विशीतली. म्हणाली, बाळ दचकतं. हात पुढे करून, मान खाली घालून तिने स्वतः करून दाखवलं; झोपेतून उठलं की एकामागून एक, दहा-वीस वेळा. आधी हसायचं, आता हसत नाही. मॅडमचा चेहरा बदलला. जन्मल्यावर रडलं होतं का, विचारलं. आशाताईंनी भाषांतर करण्याआधीच आईने मान हलवली. नव्हतं रडलं.

मी तारा लावल्या. पडद्यावर उंच, वेड्यावाकड्या, कुठलाही ताल नसलेल्या लाटा. आम्ही याला हिप्सॅऱ्हिथमिया म्हणतो आणि हा शब्द आम्हा टेक्निशियन लोकांना आलेख चालू असतानाच डॉक्टरकडे धावायला लावतो. इन्फंटाइल स्पॅझम. हे झटके दिसायला बारीक असतात, पोटदुखी किंवा दचकणं म्हणून सोडून दिले जातात, आणि तेवढ्या अवधीत बाळाची वाढ मागे जाते. इथे एकेक आठवडा मोजायचा असतो. महागडी इंजेक्शनं मिळाली नाहीत तरी प्रेडनिसोलोनची साधी गोळी आहे, स्वस्त आहे. पण ती मोठ्या मात्रेत द्यावी लागते, म्हणून रक्तदाब, साखर, जंतुसंसर्ग बघायला दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. म्हणजे अमरावती. म्हणजे दीडशे किलोमीटर. घरी आणखी एक तीन वर्षांचं पोर, मोहाचा हंगाम, आणि सासूला विचारल्याशिवाय कसं जायचं. बाई काही न बोलता बाळाच्या डोक्यावरची पेस्ट ओल्या फडक्याने पुसत बसली.

रात्री ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. कुणी फारसं बोललं नाही.

दिवस तिसरा : एका ढाण्यावर

शिबिराला न आलेल्यांकडे, एका ढाण्यावर म्हणजे कोरकू वस्तीवर, जायचं ठरलं होतं. धारणीपासून जीपने तासभर, पुढे वाळलेला नाला ओलांडून पायी. पावसाळ्यात हाच नाला गावाला महिना-दीड महिना तोडून टाकतो, हे आशाताईंनी चालता चालता सांगितलं. तेव्हा मी फक्त मान डोलावली.

वस्ती नीटस. समोरासमोर घरांच्या ओळी, मध्ये रुंद अंगण, भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या. प्रत्येक अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. ओली असताना पिवळट मोत्यासारखी, वाळल्यावर मनुकांसारखी तांबूस. एका घरी कुटकीचा भात आणि पातळ डाळ वाढली. कुटकीला एक मातकट, भाजका स्वाद असतो. मी दोनदा घेतला.

तिथे अकरा वर्षांची एक मुलगी भेटली. उजव्या हाताची बोटं आखडून एकमेकांना चिकटलेली. झटका आला तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मॅडमनी तिचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. त्या काही काळ झांबियात, लुसाकाला काम करून आल्या आहेत. म्हणाल्या, "तिथेही असेच हात बघितले. चूल, विहीर, नदी. मिरगीने पोरं मरत नाहीत म्हणतात, पण ती चुलीत पडतात, पाण्यात पडतात." फेनोबार्बिटोन हे मिरगीच्या सगळ्यात जुन्या आणि स्वस्त औषधांपैकी एक, एका माणसाला वर्षाला ५ डॉलरच्या आसपास खर्च येऊ शकतो. पण ते मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत असल्याने नोंदवह्या, परवाने, नियम. तिथली कित्येक औषधाची दुकानं ते ठेवतच नसत, आणि मैलोन्‌मैल चालत आलेली आई रिकाम्या हाताने परत जायची. आपल्याकडेही छोटा दुकानदार असल्या औषधाच्या वाटेला जात नाही.

फिजिओवाल्या मुलीने बोटांसाठी एक आधार तिथल्या तिथे बांबूच्या कामटीचा करून दिला. चुलीसमोर विटांचा गुडघ्याएवढा कठडा घालायला मॅडमनी वडिलांना सांगितलं आणि ते लगेच विटा बघायला उठलेही.

वस्तीतल्या भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, जायचं की नाही यावर आमच्यात थोडा वाद झाला. इथे पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. दोन मुलांच्या पोटांवर मी ते गोल डाग पाहिले होते आणि माझ्या मनात राग होता. मॅडम म्हणाल्या, लोक आधी त्यांच्याकडे जातात, तर आपणही जाऊ. म्हातारे गृहस्थ. खाट टाकली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग जे बोलले ते आशाताईंनी जसंच्या तसं सांगितलं : "गोळी चालते, ते मले मालूम हाय. पन गोळी सरते. गोळी सरली का झटका येते, आन झटका आला का लोक माह्याकडेच येते. मी कुठं जाऊ?"

आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी एवढंच विचारलं की पाच मिनिटांत न थांबणारा झटका दिसला तर ते डंबा न देता गाडी बोलावतील का. ते म्हणाले, गाडी येत असेल तर बोलावीन. माझा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही, पण तो कुणावर करायचा हे मात्र तिथून निघताना तितकं सोपं राहिलं नव्हतं.

परतताना फोनला रेंज आली आणि अमरावतीच्या डॉक्टरांचा निरोप मिळाला. ती विशीतली आई सासूला घेऊन सकाळच्या एसटीने आली होती. बाळ दाखल झालं होतं. थोरलं पोर शेजारणीकडे ठेवलं होतं, आणि शेजारीण तिच्या वाटणीचा मोह वेचणार होती.

दिवस चौथा : आश्रमशाळेत

ही एक आश्रमशाळा. गुरुजींनी एक मुलगी पुढे केली, आठ वर्षांची, दोन वेण्या. "हुशार आहे, पण हवेत बघते. शुद्धलेखन सांगताना मधली वाक्यंच गाळते. ओरडलो, उभं केलं, काही फरक नाही."

मी कागदाची भिंगरी सोबत ठेवतेच. ईईजी चालू असताना तीन मिनिटं जोरात फुंकायचं, म्हणजे श्वास वाढतो आणि एका प्रकारची मिरगी असली तर ती वर येते. पोरीला भिंगरी आवडली. गाल फुगवून फुंकत होती, लाल कागद गरगर फिरत होता. गुरुजी माझ्या खांद्यामागे उभे. साधारण दीड मिनिटाने भिंगरी हळू झाली, थांबली. पोरीच्या हातात ती तशीच उभी. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडत, ओठ फुंकायच्या आकारात. आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत सगळ्या रेषांत एकदम टोक-लाट, टोक-लाट, सेकंदाला तीन, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी एकसारखी. मी मोजले, अकरा सेकंद. रेषा पूर्ववत झाल्या आणि त्याच क्षणी पोरगी पुन्हा फुंकायला लागली. मध्ये काही झालं हे तिच्या गावीही नव्हतं.

मागे गुरुजी हलले नाहीत. मग म्हणाले, "मी हिला कान धरून उभं केलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅडमनी त्यांना बसवलं आणि सांगितलं की असे झटके दिवसात पन्नासवेळाही येऊ शकतात, वाक्यं ती गाळत नव्हती, तिला ऐकूच येत नव्हती. आणि यावर चांगलं औषध आहे. मुलगी आहे, मोठी झाल्यावर औषध बदलायचा विचार करावा लागेल, कारण व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं.

याच शाळेतून गेल्या वर्षी एका मुलाला झटके येतात म्हणून घरी पाठवलं होतं. वसतिगृहातली बाकीची मुलं घाबरतात, रात्री काही झालं तर जबाबदारी कुणाची, अशी कारणं. गुरुजींनी ते स्वतःहून सांगितलं आणि त्या मुलाचं गाव लिहून दिलं. मिरगी असलेल्या मुलाने शाळा सोडायची काही गरज नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला येते, झटके हा त्यांच्या यादीतलाच आजार आहे. २०१३ साली ही योजना सुरू झाली ती आपल्याच पालघरमधून. गाडी आली की अशा मुलांची नावं गुरुजींनी आपणहून पुढे करायची, एवढंच.

दुपारी पटांगणात सगळ्या मुलांना बसवलं आणि विचारलं, कुणाला झटका आला तर काय करायचं? हात वर. कांदा हुंगवायचा. चप्पल हुंगवायची. हातात किल्ली द्यायची. तोंडात चमचा घालायचा. मग बालरोगतज्ज्ञ स्वतः जमिनीवर आडवे झाले आणि मुलांनी त्यांच्यावर सराव केला : आजूबाजूचं टोकदार सामान दूर, डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवायचं, तोंडात काही नाही, घट्ट धरून ठेवायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन. शुद्धीवर येईपर्यंत सोबत थांबायचं. चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "घड्याळ नसलं तर?" डॉक्टर म्हणाले, तीनशेपर्यंत मोज. मग पटांगणभर पोरं मोठ्याने तीनशेपर्यंत मोजत होती.

दिवस पाचवा : वही

निघायचा दिवस. सकाळी आसपासच्या आशाताई जमल्या. मॅडमनी मुलांना एकेका महिन्याऐवजी तीन-तीन महिन्यांची औषधं दिली होती. आम्हाला वाटलं, काम चोख झालं. तेव्हा आमच्यासोबतच्या आशाताईंनी बोटांवर मोजलं. "एप्रिल, मे, जून. मंजे जूनच्या शेवटी सरन. तवा नाला भरलेला रायते, मॅडम."

पावसाळ्याआधी इथल्या तुटणाऱ्या गावांना रेशनचं धान्य आगाऊ पोचवतात, चार महिन्यांचं. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. गोळ्यांच्या बाबतीत हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता, चार शिकल्या-सवरल्या माणसांच्या. आणि दिवाळीनंतर घर कामाला बाहेर पडेल तेव्हा? बऱ्हाणपूरकडे, अकोल्याकडे, जिथे जातील तिथल्या डॉक्टरला कसं कळणार मूल कशावर आहे?

त्या तासाभरात एक दोनशे पानी वही आखली गेली. मुलाचं नाव, गाव, औषध, मात्रा, किती गोळ्या दिल्या, कधी संपणार. शेवटचा रकाना आशाताईंनी स्वतः वाढवला : 'कधी नेऊन द्यायचं'. प्रत्येक मुलासाठी एक कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत, औषधाचं नाव मोठ्या अक्षरात. बाहेरगावी जाताना शिध्याबरोबर हे बांधायचं. बालरोगतज्ज्ञांनी जबाबदारी घेतली की मे महिन्यात पुढच्या चार महिन्यांची औषधं अमरावतीहून येतील. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मिरगी आणि इतर मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा आराखडा मंजूर केला, त्यात मिरगीचं निदान, औषध आणि झटक्यांवर ताबा यांची टक्केवारीची उद्दिष्टं आहेत. मॅडम म्हणाल्या, ती उद्दिष्टं गाठायची तर हा शेवटचा रकाना लागतो.

*कुणाला मदत करायची असेल तर :* कपडे, खाऊ, खेळणी घेऊन जाऊ नका. ठरावीक मुलांचं ठरावीक औषध, एकाच कंपनीचं, न खंडता, वर्षानुवर्षं पोचवणारी व्यवस्था जिथे असेल तिला हातभार लावा. झटके थांबल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत, बहुधा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, गोळी घ्यावी लागते.

परतीच्या प्रवासात सेमाडोहला पुन्हा रबडी घेतली, बडनेऱ्याहून गाडी वेळेवर मिळाली. घरी येऊन इलेक्ट्रोड धुताना तारांना अजून खोबरेल आणि मोहाचा वास येत होता.

काल आशाताईंचा फोन झाला. बाळाचे झटके कमी झालेत, पूर्ण गेले नाहीत. परवा ते हसलं असं आई म्हणते. भिंगरीवाल्या पोरीने शुद्धलेखनात एकच वाक्य गाळलं. घरी पाठवलेल्या मुलाचे वडील अजून त्याला शाळेत परत धाडायला तयार नाहीत, गुरुजी तिसऱ्यांदा जाऊन आले. तीन मुलांचा पत्ता नाही, घरंच कामाला गेलीत.

आजींच्या नातवाला महिनाभरात झटका आलेला नाही. त्याच्या गोळ्या २४ जूनला संपतात. वहीत शेवटच्या रकान्यात ५ जून लिहिलंय. मी विचारलं, एवढं आधी? म्हणाल्या, "सात तारखेले पानी लागते, मॅडम."